बी.एस्सी. भाग ३, बायोकेमिस्ट्री: एक एन्झाइम धरून वर्ष कसं काढायचं

पहिली दोन वर्षं पाठांतरावर निघतात. अमिनो आम्लांच्या रचना, जीवनसत्त्वांचे तक्ते, ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या: रात्रभर बसलं की पेपर सुटतो. भाग ३ मध्ये हे चालेनासं होतं, कारण प्रश्न बदलतो. ‘काय होतं’ याऐवजी ‘किती होतं, आणि ते तुम्हाला कशावरून कळलं’ असं विचारलं जातं. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातली बरीच मुलं-मुली कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडून एसटीने येतात आणि बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात. त्यांना इंग्रजी पुस्तकांची धास्ती असते. खरी अडचण इंग्रजीची कमी आणि आकडेमोडीची जास्त असते, आणि आकडेमोड सरावाने येते.

म्हणून इथे सुचवलेली पद्धत अशी: सुटे पंधरा प्रयोग पंधरा वेळा शिकण्याऐवजी एकच एन्झाइम धरायचं आणि बफरपासून (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) केएमपर्यंत (ज्या सुक्रोज-मापाला एन्झाइमचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ते माप) त्याच्याच मागे जायचं. यीस्टमधलं इन्व्हर्टेज त्यासाठी सोयीचं आहे. ते स्वस्त आहे, चिवट आहे, आणि साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये आपलं प्रसिद्ध समीकरण याच एन्झाइमवर तपासलं होतं.

आधी बफर

निम्मे प्रयोग बफरपाशीच बिघडतात आणि दोष मात्र एन्झाइमवर जातो. दोन चुका नेहमीच्या.

पहिली बाटलीवरच्या लेबलाची. डायसोडियम फॉस्फेट सहसा तीन रूपांत मिळतं: निर्जल, दोन पाण्याचं आणि बारा पाण्याचं. रेणुभार अनुक्रमे १४२, १७८ आणि ३५८. जर्नलमध्ये ‘२८.४ ग्रॅम प्रति लिटर’ लिहिलंय म्हणून कपाटातल्या बारा पाण्याच्या बाटलीतून तेवढंच तोललं, तर ०.२ मोलरऐवजी जेमतेम ०.०८ मोलर द्रावण हातात येतं. वजन करण्याआधी लेबलवरचा रेणुभार वहीत उतरवा आणि हिशेब त्यावरूनच मांडा.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. फॉस्फेटचा पीके (ज्या पीएचला त्याची दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात) पुस्तकात ७.२ दिलेला असतो. पीएच ७.० साठी हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरणात तो घातला की मोनोसोडियम आणि डायसोडियमचं प्रमाण ६१ : ३९ निघतं. प्रयोगशाळेतल्या तक्त्यात मात्र नेमकं उलट असतं: ०.२ मोलर मोनोसोडियम ३९ मिली, ०.२ मोलर डायसोडियम ६१ मिली, आणि पाणी घालून २०० मिली. बरोबर तक्ता आहे. ७.२ हा आकडा अतिशय विरल द्रावणाचा. ०.१ मोलरमध्ये आयनांची गर्दी वाढते आणि प्रत्यक्षातला पीके ६.८ च्या आसपास येतो. कागदावरच्या प्रमाणाने बनवलं तर मीटर ६.६ दाखवेल, आणि तुम्ही मीटर बिघडला म्हणाल. समीकरण अंदाजासाठी वापरा, शेवटचा शब्द कॅलिब्रेट केलेल्या मीटरचा.

ट्रिस बफरची आणखी एक खोड आहे: तापमान एक अंश वाढलं की त्याचा पीएच सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांवर ८.० केलेलं ट्रिस फ्रिजमध्ये ४ अंशांवर ८.६ च्या जवळ जातं. ज्या तापमानाला वापरणार, त्याच तापमानाला पीएच लावा. पावसाळ्यात सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्यांबाबतही सावध राहा. जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरी हवेत त्या वॉचग्लासवर बघता बघता ओल्या होतात, म्हणजे तुम्ही पाणीही तोलत असता. झटपट तोला आणि अचूक नॉर्मॅलिटी हवी असेल तर ऑक्झॅलिक आम्लाने टायट्रेट करून घ्या.

इन्व्हर्टेजसाठी ॲसिटेट बफर, पीएच ४.८ : ०.२ मोलर ॲसेटिक आम्ल २० मिली, ०.२ मोलर सोडियम ॲसिटेट ३० मिली, पाण्याने १०० मिली. हे ०.१ मोलर झालं.

फोटोमीटर आणि स्टँडर्ड ग्राफ

यंत्र सुरू करून पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. क्युव्हेट फक्त खरखरीत बाजूंनी धरा. २८० किंवा २६० नॅनोमीटरला काचेची क्युव्हेट चालत नाही, कारण काच तो प्रकाश स्वतःच गिळते. तिथे क्वार्ट्झच लागते. रीडिंग ०.१ ते १.० च्या दरम्यान ठेवा. १.८ आलं तर ‘एन्झाइम जोरदार’ अशी समजूत करून घेऊ नका. एवढ्या गडद द्रावणातून पलीकडे इतका कमी प्रकाश पोचतो, की यंत्रातला भटका प्रकाशच हिशेबात शिरतो आणि आकडा खोटा होतो. द्रावण पातळ करून पुन्हा वाचा. मध्येच लाइट गेली तर परत आल्यावर ब्लँक (नमुना नसलेलं, शून्य लावायचं द्रावण) पुन्हा लावा.

रिड्यूसिंग शुगर (ग्लुकोज, फ्रुक्टोजसारखी साखर; सुक्रोज त्यात येत नाही) मोजायला डीएनएस, म्हणजे डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाची पद्धत. अभिकर्मक: डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल १ ग्रॅम, दोन नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड २० मिली, रोशेल सॉल्ट ३० ग्रॅम, एकूण १०० मिली, तपकिरी बाटलीत. नमुना १ मिली, डीएनएस १ मिली, उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, मग थंड करून ८ मिली पाणी आणि ५४० नॅनोमीटरला रीडिंग. स्टँडर्ड म्हणून ग्लुकोज ०.२ ते १.२ मिलिग्रॅम प्रति नळी. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचा रंग तंतोतंत सारखा येत नाही. हाताशी फ्रुक्टोज असेल तर दोन्ही समान वजनाने मिसळून स्टँडर्ड करा, इन्व्हर्टेजसाठी तेच जास्त प्रामाणिक.

डीएनएसची रेघ शून्यातून जात नाही. अगदी थोडी साखर असली तर रंग जवळपास उमटतच नाही, आणि त्यापुढे रेघ सरळ चढते. पुष्कळ जण पट्टीने ती ओढून-ताणून शून्याला जोडतात. तसं केलं की लहान रीडिंग्जचे सगळे आकडे चुकतात, आणि केएम काढताना नेमकी तीच कामाची असतात. रेघ जिथे अक्ष कापते तिथे कापू द्या.

आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर आहे, त्यामुळे पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्याने बिघडत काही नाही, फक्त स्टँडर्ड आणि नमुने एकाच बाथमध्ये एकाच वेळी ठेवा. गेल्या बॅचचा ग्राफ उसना घेऊन आजचे नमुने वाचायचे, हा प्रकार बंद करा.

एन्झाइम बाहेर काढणं

केक-पावाच्या सामानाच्या दुकानातलं सुकं यीस्ट १० ग्रॅम घ्या, त्यात ०.१ मोलर सोडियम बायकार्बोनेट ३० मिली घालून खलात गुळगुळीत होईपर्यंत घोटा आणि ३७ अंशांवर २४ तास ठेवा. पेशी स्वतःच विरघळत जातात. वास तीव्र येतो, झाकण सैल ठेवा आणि लॅबच्या मामांना आधी कल्पना द्या, नाहीतर सकाळी ते नासलं समजून मोरीत ओततील. सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव घ्या. मग ५० अंशांवर १० मिनिटं ठेवलं की बरीचशी इतर प्रोटीन गोठून खाली बसतात, इन्व्हर्टेज टिकतं. पुन्हा सेंट्रिफ्यूज. आता बर्फात ठेवून तेवढंच थंड इथेनॉल थेंबाथेंबाने घाला. एकदम ओतलं तर तिथल्या तिथे एन्झाइम मरतं. साका थोड्या बफरमध्ये विरघळवा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

प्रोटीन खाली बसवायला नेहमीचं अमोनियम सल्फेट का नाही? पेशीबाहेरच्या इन्व्हर्टेजच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग साखरेच्या साखळ्यांचा असतो, त्यामुळे ते मिठाला सहज दाद देत नाही आणि बराच वेळ द्रावणातच राहतं. याच कारणाने एसडीएस जेलवरही (प्रोटीन आकाराप्रमाणे वेगळी करणारं जेल) त्याची नीट पट्टी दिसत नाही, पसरट डाग दिसतो. व्हायवात हे विचारलं जाऊ शकतं.

प्रत्येक टप्प्यावर १ मिली बाजूला काढून ठेवा आणि एकूण किती मिली आहे ते लिहून ठेवा. हे विसरलं की प्युरिफिकेशन टेबल (टप्प्यागणिक एन्झाइम किती शुद्ध झालं आणि किती उरलं त्याचा तक्ता) होत नाही, आणि सगळं पुन्हा करण्याशिवाय इलाज उरत नाही.

केएम

सुक्रोजची दोन स्टॉक द्रावणं करा: ०.५ मोलर (१७.१ ग्रॅम, १०० मिलीत) आणि त्याच्या दहापट पातळ, ५० मिलिमोलर. प्रत्येक नळीत बफर ०.५ मिली, सुक्रोज, पाणी आणि शेवटी एन्झाइम ०.१ मिली, एकूण १ मिली. पातळ स्टॉकमधून ०.१, ०.२, ०.४ मिली घेतलं की ५, १०, २० मिलिमोलर मिळतं. दाट स्टॉकमधून तेवढंच घेतलं की ५०, १००, २००. कुठेही ०.१ मिलीपेक्षा लहान माप घ्यावं लागत नाही, म्हणून हा आराखडा सोयीचा.

यीस्ट इन्व्हर्टेजचा सुक्रोजसाठीचा केएम साधारण २० ते ४० मिलिमोलरच्या टापूत येतो, आणि वरचे सहा आकडे त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत. सगळेच केएमच्या वर घेतले तर वेग जवळपास सारखाच दिसेल आणि केएम कळणार नाही. ५०० मिलिमोलरच्या पुढे जाण्यात तर फायदाच नाही, खूप दाट सुक्रोजमध्ये वेग उलट घसरतो.

आता एन्झाइम किती पातळ करायचं? इथेच बहुतेक बॅचेस अडकतात. सुरुवातीचा वेग मोजायचा म्हणजे सुक्रोज १० टक्क्यांपेक्षा जास्त संपता कामा नये. ५ मिलिमोलरच्या नळीत एकूण ५ मायक्रोमोल सुक्रोज आहे. त्याचे १० टक्के म्हणजे ०.५ मायक्रोमोल. प्रत्येक रेणूतून दोन रिड्यूसिंग शुगर निघतात, म्हणजे १ मायक्रोमोल, म्हणजे ०.१८ मिलिग्रॅम. याहून कमी साखर डीएनएसला नीट दिसत नाही. केएम ३० धरला तर २०० च्या नळीतला वेग ५ च्या नळीच्या सहापट, म्हणजे तिथे १.१ मिलिग्रॅम. ग्राफच्या वरच्या टोकाला बरोबर बसतं. थोडक्यात, १० मिनिटांत २०० च्या नळीत १.१ मिलिग्रॅमच्या आसपास साखर तयार होईल असं डायल्यूशन शोधायचं. आधी फक्त त्या एका नळीत १ : १०, १ : ५०, १ : २००, १ : १००० करून बघा. एक तास जातो, पण पूर्ण दिवस वाचतो.

बफर-सुक्रोजच्या नळ्या आणि एन्झाइम वेगवेगळे ५ मिनिटं ठरलेल्या तापमानाला ठेवा. मग ३० सेकंदांच्या अंतराने एकेका नळीत एन्झाइम घाला आणि बरोबर १० मिनिटांनी त्याच क्रमाने डीएनएस घाला. त्यातला अल्कली एन्झाइमला जागीच थांबवतो. प्रत्येक सुक्रोज-मापासाठी शून्य-वेळेची नळी हवी: तीत डीएनएस आधी, एन्झाइम नंतर. सुक्रोजमध्येच थोडी रिड्यूसिंग शुगर असेल तर ती इथे पकडली जाते. घरची साखर एकवेळ चालेल, गूळ अजिबात नाही, त्यात इन्व्हर्ट शुगर मुळातच असते.

हिशेब एकदा पूर्ण करून पाहू. ५० मिलिमोलरच्या नळीत १० मिनिटांत ०.३६ मिलिग्रॅम साखर आली. भागिले १८०, म्हणजे २ मायक्रोमोल. दोनाने भागून १ मायक्रोमोल सुक्रोज फुटलं. मिनिटाला ०.१ मायक्रोमोल, तेही ०.१ मिली एन्झाइममध्ये, म्हणजे मिलीला १ युनिट. एन्झाइम ५० पट पातळ केलं होतं, तर मूळ अर्कात मिलीला ५० युनिट. त्यात प्रोटीन मिलीला ५ मिलिग्रॅम असेल तर स्पेसिफिक ॲक्टिव्हिटी, म्हणजे दर मिलिग्रॅम प्रोटीनमागची युनिट, १० युनिट प्रति मिलिग्रॅम. यातला ‘दोनाने भागणे’ हा टप्पा बहुतेकांचा सुटतो आणि उत्तर बरोबर दुप्पट येतं. मिनिटाला किती मायक्रोमोल सुक्रोज फुटलं ते युनिट सांगतं. तयार साखर किती झाली हा वेगळा आकडा आहे.

ग्राफ कोणता काढायचा? अभ्यासक्रमात लाइनवीव्हर-बर्क असतो, तो काढा. पण त्यावर विसंबू नका. ५ मिलिमोलरचं रीडिंग सगळ्यात लहान आणि म्हणून सगळ्यात डळमळीत. उलटा आकडा घेतला की तोच बिंदू उजवीकडे लांब जाऊन बसतो आणि सगळी रेघ आपल्याकडे ओढतो. त्याशेजारी हेन्स ग्राफ काढा, म्हणजे सुक्रोज भागिले वेग उभ्या अक्षावर, सुक्रोज आडव्या अक्षावर. दोन्हींचा केएम जवळपास सारखा आला तर आकडे विश्वासाचे. २५ आणि ६० असे फटकले तर ५ आणि १० च्या नळ्या पुन्हा लावा.

प्रोटीन आणि जेल, थोडक्यात

प्रोटीन मोजायच्या लोरी पद्धतीत ट्रिस, ईडीटीए आणि मर्कॅप्टोइथेनॉल ढवळाढवळ करतात. ब्रॅडफर्ड पद्धतीत एसडीएससारखे डिटर्जंट. नमुन्याच्या बफरमध्ये काय आहे ते आधी पाहा, मग पद्धत निवडा, आणि ब्लँकमध्ये पाण्याऐवजी तोच बफर घाला. लोरीत फोलिन (रंग आणणारा अभिकर्मक) घातल्याक्षणी नळी हलवा, कारण अल्कलीत ते फार वेळ टिकत नाही.

जेल गोठलं नाही तर दहापैकी नऊ वेळा दोषी ते गोठवणारं अमोनियम परसल्फेट. ते ओल धरतं आणि निकामी होतं. ताज्या पावडरीवर पाणी टाकलं की बारीक तडतड ऐकू येते, शांत राहिली तर बाटली बदला. न गोठलेलं ॲक्रिलअमाइड मज्जासंस्थेला विषारी आहे, हातमोजे काढू नका. पट्ट्या मधोमध खाली झुकून कडांना वर वळल्या तर जेल तापलंय, व्होल्टेज कमी करा.

मेटाबोलिझमचा पेपर

पाथवे पाठ करण्याआधी एका मोठ्या ड्रॉइंग शीटवर ग्लायकोलिसिस, क्रेब्ज, फॅटी ॲसिड आणि युरिया सायकल एकत्र काढा, मायटोकॉन्ड्रियाच्या भिंतीसकट. भिंत महत्त्वाची. कोणती पायरी आत, कोणती बाहेर, हे कळलं की शटल (भिंतीबाहेरच्या एनएडीएचचे इलेक्ट्रॉन आत पोचवणाऱ्या यंत्रणा) का लागतात ते विचारावंच लागत नाही.

एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी, हे जुन्या नोट्समधलं उत्तर आता सोडा. एनएडीएचमागे २.५ आणि एफएडीएच-टूमागे १.५ धरून हिशेब असा: ग्लायकोलिसिसचे थेट २, पायरुव्हेट डीहायड्रोजनेजचे ५, क्रेब्जच्या सहा एनएडीएचचे १५, दोन एफएडीएच-टूचे ३, दोन जीटीपीचे २. ग्लायकोलिसिसच्या दोन एनएडीएचचे शटलप्रमाणे ३ किंवा ५. एकूण ३० किंवा ३२. दोन उत्तरं का, हे एका वाक्यात लिहा.

ऊर्जेच्या गणितात सगळ्यांना चकवणारी पायरी अल्डोलेजची. तिची प्रमाणित डेल्टा जी अधिक २३.८ किलोज्यूल. मग ही पायरी पुढे सरकतेच कशी? लाल रक्तपेशीतले पाठ्यपुस्तकी आकडे घाला: फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट ३१ मायक्रोमोलर, डायहायड्रॉक्सिॲसिटोन फॉस्फेट १४०, ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट १९. मोलरमध्ये दोन उत्पादितांचा गुणाकार भागिले सुरुवातीचा पदार्थ, म्हणजे सुमारे ०.००००८६. त्याचा नॅचरल लॉग उणे ९.३६. ३७ अंशांवर आरटी २.५८ किलोज्यूल, गुणाकार उणे २४.२. बेरीज केली की उणे ०.४. पेशीत ही पायरी समतोलाजवळच असते. मायक्रोमोलरचं मोलर न करता आकडे घातले तर उत्तर अधिक ३५ च्या पुढे जातं आणि पेशी उपाशी मरते. अशी पाच गणितं स्वतः सोडवली की डेल्टा जी आणि प्रमाणित डेल्टा जी यांतला फरक पुन्हा पाठ करावा लागत नाही.

एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षेचा विचार असेल तर बायोटेक्नॉलॉजी किंवा केमिस्ट्री यांतला पेपर निवडावा लागतो. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. त्यातल्या २० प्रश्नांना पर्याय नसतात, आकडाच टाइप करायचा. वरचे हिशेब तिथे थेट उपयोगी पडतात.

प्रोजेक्ट

शेवटच्या सत्राचा प्रोजेक्ट निवडताना महागडी किट लागणारा विषय घेऊ नका. तोच डीएनएस आणि तोच एन्झाइम घेऊन, ऊस तोडल्यावर गाळपाला उशीर झाला की रसातली रिड्यूसिंग शुगर किती वाढते ते मोजा. तोडलेल्या उसातलं इन्व्हर्टेज सुक्रोज फोडत राहतं, कारखान्याचा उतारा घसरतो आणि गुऱ्हाळात गुळाचा रवा नीट धरत नाही. विषय परिसरातल्या प्रत्येक घराला कळणारा आहे, आणि गळीत हंगामही याच सत्रात असतो.

एकाच शेतातला, एकाच जातीचा (८६०३२ किंवा २६५, पण दोन्ही मिसळू नका), एकाच दिवशी तोडलेला ऊस घ्या. २१ कांड्या पुरतात: तोडीच्या दिवशी तीन, मग पुढचे तीन दिवस रोज तीन सावलीतल्या आणि तीन उन्हातल्या. कांडी म्हणजे इथे शेंड्यापासून बुडख्यापर्यंतचा पूर्ण ऊस. अर्धा तुकडा घेतला तर शेंड्याकडची जास्त रिड्यूसिंग शुगर निकाल फिरवते. रस काढल्याबरोबर नळी ५ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून एन्झाइम मारा. रस आम्लधर्मी असतो, जास्त उकळलं तर सुक्रोज तसंच फुटायला लागतं, म्हणून वेळ सगळ्यांना सारखी. थंड करून सेंट्रिफ्यूज करा, फ्रीझरमध्ये ठेवा, मोजताना १ : १० पातळ करा.

दोन गोष्टी गाइडने आठवण केल्याशिवाय कुणी करत नाही. रस अल्कलीत आपोआप तपकिरी होतो, तेव्हा प्रत्येक नमुन्यासाठी अभिकर्मकातलं फक्त डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल वगळून बाकी सगळं, अल्कलीसुद्धा, घातलेली एक नळी हवी, तिचं रीडिंग वजा करायचं. आणि ठेवलेला ऊस सुकतो, रस दाट होतो, त्यामुळे साखर न वाढताही वाढलेली दिसते. हँड रिफ्रॅक्टोमीटरने प्रत्येक रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांची टक्केवारी) घ्या आणि रिड्यूसिंग शुगर ब्रिक्सच्या टक्केवारीत लिहा. प्रत्येक नमुना दोनदा लावला तर डीएनएसच्या ४२ नळ्या, २१ रंग-ब्लँक आणि स्टँडर्ड वेगळे. एका बाथमध्ये एवढं मावत नाही, त्यामुळे एकाच दिवशीच्या सावलीतल्या आणि उन्हातल्या नळ्या तरी एकाच घाण्यात उकळा, आणि प्रत्येक घाण्याबरोबर ०.४ आणि ०.८ मिलिग्रॅम ग्लुकोजच्या दोन नळ्या ठेवा.